प्रकल्प नोंदी: दोन रकान्यांची वही, जानेवारी ते जून २०२४

सोमवार, १ जानेवारी २०२४

आजपासून वही सुरू. सकाळी गेल्या तीन महिन्यांची कार्डाची स्टेटमेंटं काढली आणि किराणा सोडून घरात जे जे लागतं त्याची बेरीज केली. डायपर, वाइप्स, कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण, टॉयलेट पेपर, पेपर टॉवेल, टूथपेस्ट, शाम्पू, पॅड्स, तापासर्दीची औषधं. महिन्याला सरासरी २३८ डॉलर. मी अंदाज दीडशेचा धरून चालले होते.

घरात आम्ही पाच जण. धाकटा सव्वा वर्षाचा, थोरली तेरा वर्षांची. आई, म्हणजे सासूबाई, नाशिकहून आल्या आहेत, जूनअखेर परत जातील. घर अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये. घरगुती सामानही विकणारी औषधांची दुकानं दोन: सीव्हीएस गाडीने चार मिनिटांवर, वॉलग्रीन्स सात. कोपऱ्यावर रायट एड होतं. त्या कंपनीने गेल्या ऑक्टोबरात दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढे आमच्या इथलं दुकानही उठलं.

उद्दिष्ट: महिना १६० डॉलर, घरात काही कमी न पडता.

वहीची आखणी आईंनी सांगितली. लग्नानंतर पहिली वीस वर्षं त्यांनी वाण्याची वही सांभाळली आहे. डावीकडे तारीख आणि वस्तू, मग दोन रकाने. पहिल्यात खिशातून खरंच गेलेले पैसे. दुसऱ्यात दुकानाने पावतीवर छापलेला 'तुम्ही इतके वाचवले' हा आकडा. सहा महिने दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे.

रविवार, ७ जानेवारी

दोन्ही दुकानांची खाती उघडली. दोन्ही फुकट, फोन नंबरवर चालतात. समजलं ते लिहून ठेवते, कारण पहिल्या दिवशी माझाच फार गोंधळ उडाला.

कूपन दोन जातींचं असतं. एक कंपनीचं, ज्याला मॅन्युफॅक्चरर कूपन म्हणतात. टाइड किंवा कोलगेट ज्यांची, तेच पैसे सोडतात. दुकान आपल्याला सूट देतं, मग ते कूपन हिशोब करणाऱ्या संस्थेमार्फत कंपनीकडे जातं आणि दुकानाला पैसे परत मिळतात, वर हाताळणीचे काही सेंट. दुसरं दुकानाचं स्वतःचं, ज्याचा भार दुकानच सोसतं. एका वस्तूवर कंपनीचं एकच कूपन चालतं. पण त्याच वस्तूवर दुकानाचं कूपन वेगळं लावता येतं. इथले लोक याला स्टॅकिंग म्हणतात, मी वहीत 'जोडकूपन' लिहिते.

तिसरी गोष्ट बक्षिसाची. सीव्हीएसमध्ये एक्स्ट्राबक्स: खरेदीवर दोन टक्के, शिवाय 'इतक्याचं घ्या, इतके परत मिळवा' अशा आठवड्याच्या योजना. वॉलग्रीन्समध्ये वॉलग्रीन्स कॅश: सगळ्या मालावर एक टक्का, त्यांच्या स्वतःच्या ब्रँडवर पाच टक्के. दोन्हीकडे हे पैसे पुढच्या खरेदीत वापरायचे असतात आणि दोन्हीकडे मुदत असते. आठवडा रविवारी सुरू होतो, शनिवारी संपतो.

पलीकडच्या घरातल्या मावशी रविवारच्या पेपरातली कूपनांची पुरवणी आम्हाला द्यायला तयार झाल्या. त्यांना फक्त शब्दकोडं हवं असतं.

रविवार, १४ जानेवारी

आईंना घेऊन सीव्हीएसला गेले. दाराजवळ लाल यंत्र असतं, त्यात कार्ड दाखवलं की आपल्या नावाची कूपनं छापून येतात. आज सात आली, एकापाठोपाठ एक, जोडलेली. आई ती ओंजळीत झेलत उभ्या होत्या. कागद गरम होता. त्यातलं एक लिपस्टिकवर, एक व्हिटॅमिनवर, एक आइस्क्रीमवर. आमच्या यादीतली दोनच.

आई म्हणाल्या, "अगं, हे सगळं वापरायलाच हवं का?" मी म्हटलं, नाही. आणि तरीही व्हिटॅमिनची बाटली घेतली, कारण चार डॉलर सुटत होते. यादीत नव्हती. पहिल्या रकान्यात ११.४९, दुसऱ्यात ४.००.

पिशव्या मात्र आईंच्याच उपयोगी पडल्या. न्यू जर्सीत मे २०२२ पासून दुकानात प्लॅस्टिकची पिशवी मिळत नाही. त्यांच्या बॅगेत नाशिकच्या कापड दुकानाची पिशवी कायम असते.

बुधवार, ३१ जानेवारी

महिनाअखेर. पहिला रकाना २५१. दुसरा १३८.

म्हणजे पावत्या सांगतात की मी १३८ डॉलर वाचवले आणि वही सांगते की मी नेहमीपेक्षा तेरा डॉलर जास्त घालवले. दोन्ही आकडे खरे आहेत. बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले.

कारणं शोधली. एका योजनेसाठी चार शाम्पू घेतले, घरी तीन होतेच. व्हिटॅमिन. आईस्क्रीम. आणि एका दुकानात मिळालेलं आठ डॉलरचं बक्षीस हातातून गेलं, कारण 'पुढच्या आठवड्यात मोठी खरेदी आहे, तेव्हा वापरू' म्हणून ठेवलं आणि मुदत शुक्रवारी संपली. ते आठ डॉलर मिळावेत म्हणून मी २५ डॉलरचा माल उचलला होता. तो भाव बक्षीस धरूनच परवडत होता.

नवा नियम, लाल शाईने: बक्षीस मिळालं त्या दिवशी ते पैसे नाहीत. यादीतल्या वस्तूवर खर्च झालं त्या दिवशी पैसे झाले. वहीत त्याच दिवशी लिहायचं.

रविवार, ४ फेब्रुवारी

वहीच्या मागच्या बाजूला भावाचं पान सुरू केलं. प्रत्येक वस्तूचा नगावर किंवा वापरावर भाव: डायपर एकाचा, कपडे एका धुलाईचे, टॉयलेट पेपर शंभर चौरस फुटांचा. टॉयलेट पेपरला रोलवर हिशोब करून चालत नाही, 'मेगा' आणि 'डबल' या शब्दांना काही ठरलेलं माप नाही. पाकिटाच्या तळाशी बारीक अक्षरात चौरस फूट लिहिलेले असतात, तेच खरे.

वेळेचं बंधन: आठवड्याला चाळीस मिनिटं, रविवारी धाकटा दुपारी झोपतो तेव्हा. त्यात दुकानाच्या ॲपवरची कूपनं खात्याला जोडणं, पुरवणी कापणं, यादी, सगळं आलं.

सीव्हीएसचं एक्स्ट्राकेअर प्लस हे सदस्यत्व घेतलं. महिन्याला पाच डॉलर भरायचे, दहा डॉलरचं बक्षीस मिळतं, त्यांच्या स्वतःच्या ब्रँडवर वीस टक्के सूट. पाचाचे दहा होतात, पण दर महिन्याला न विसरता वापरले तरच. फोनवर दर वीस तारखेला घंटा लावली आहे. फीचे पाच डॉलर पहिल्या रकान्यात.

रविवार, १८ फेब्रुवारी

आजची खरेदी पूर्ण लिहिते. पहिल्यांदा सगळं मनासारखं जुळून आलं.

योजना: ठरावीक ब्रँडचा ३० डॉलरचा माल घेतला की दहा डॉलर एक्स्ट्राबक्स.

टाइडच्या दोन लहान बाटल्या, ६.९९ प्रमाणे १३.९८. बाउंटी पेपर टॉवेल ९.४९. क्रेस्ट टूथपेस्ट दोन, ४.४९ प्रमाणे ८.९८. बेरीज ३२.४५. तिसाचा आकडा पार.

कूपनं: एका टाइडवर ॲपमधलं दोन डॉलरचं, दुसऱ्यावर मावशींच्या पुरवणीतलं दोन डॉलरचं. टूथपेस्टच्या जोडीवर दोन. बाउंटीवर एक. एकूण सात डॉलर, उरले २५.४५.

आता कर. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के. पेपर टॉवेल, टॉयलेट पेपर, डायपर यांवर कर नाही. डिटर्जंट आणि टूथपेस्टवर आहे. आणि एक गोष्ट मला आजच कळली: कंपनीचं कूपन लावलं तरी कर मूळ किमतीवर बसतो, कारण दुकानाला तेवढे पैसे कंपनीकडून मिळणारच असतात. दुकानाने स्वतः सूट दिली असेल तर मात्र कमी झालेल्या किमतीवर. म्हणजे कर २२.९६ वर: १.५२.

दिले २६.९७. हातात दहा डॉलरचं बक्षीस, मुदतीची तारीख वहीच्या मुखपृष्ठावर चिकटवली.

बक्षीस वापरलं गेलं असं धरून वाटणी केली, तर टाइडच्या दोन बाटल्या करासकट ६.६० ला पडतात. दोन्ही मिळून ४८ धुलाया, एका धुलाईचे सुमारे चौदा सेंट. कॉस्टको या घाऊक दुकानातून आणलेल्या मोठ्या कॅनचे मी गेल्या महिन्यात बावीस काढले होते. टूथपेस्ट २.४० ला एक.

मला वाटत होतं घाऊक दुकानच कायम स्वस्त. डिटर्जंट आणि टूथपेस्टच्या बाबतीत ते खरं नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

आईंना सर्दी झाली. रात्री औषध आणायला गेले.

बक्षिसाचे दहा डॉलर होते आणि फळीवर सर्दीच्या गोळ्यांवर कूपनही. खोक्याच्या मागचं वाचलं: नाक मोकळं करणारं औषध फेनिलेफ्रिन. गेल्या सप्टेंबरात एफडीए या इथल्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की हे औषध तोंडावाटे घेऊन बंद नाकावर परिणाम होत नाही. ऑक्टोबरात सीव्हीएसने फक्त फेनिलेफ्रिन असलेल्या काही गोळ्या फळ्यांवरून काढायचं ठरवलंही. मिश्र गोळ्यांमध्ये ते अजून असतं. ज्या औषधाचा उपयोग नाही त्यावर तीन डॉलर सूट मिळाली तरी उरलेले सात वायाच.

ज्याचा परिणाम होतो ते स्यूडोएफेड्रिन फळीवर मिळत नाही. २००६ पासून ते काउंटरमागे ठेवतात आणि ओळखपत्र दाखवून घ्यावं लागतं. फार्मासिस्टला विचारलं. तिने पहिला प्रश्न केला, "त्यांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे का?" आहे. मग तिने ते नको सांगितलं, मिठाच्या पाण्याचा नाकातला फवारा घ्या म्हणाली. दुकानाच्या ब्रँडचा घेतला, वीस टक्के सूट धरून पाच डॉलरच्या आत.

तापासाठी आईंनी क्रोसिन आणली आहेच. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल म्हणजेच इथलं असिटामिनोफेन, टायलेनॉल या ब्रँडमधलं. दुकानाच्या ब्रँडच्या ५०० मिलिग्रॅमच्या शंभर गोळ्या आज ८.७९, सूट धरून ७.०३. शेजारी टायलेनॉल १२.९९. आत तेच औषध तेवढ्याच मात्रेत. आमच्या घरात या वस्तूसाठी कूपन शोधणं आजपासून बंद.

उरलेलं बक्षीस पॅड्सवर गेलं. मुदतीच्या आत.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

पहिला रकाना २०४, दुसरा ११६.

रविवार, १० मार्च

उन्हाळी वेळ सुरू, घड्याळं एक तास पुढे. धाकट्याची दुपारची झोप विस्कटली, चाळीस मिनिटं रात्री काढली.

डायपरचा निकाल लावला. खर्चाची सर्वांत मोठी ओळ तीच आहे, आणि मी तिच्याकडे सर्वांत उशिरा बघितलं, कारण दर आठवड्याला डायपरवर मोठी कूपनं येतात आणि त्यामुळे काहीतरी करतो आहोत असं वाटत राहतं. भावाच्या पानावर पाच आठवड्यांचे आकडे आहेत. औषधाच्या दुकानात नामांकित ब्रँडचा एक डायपर ४२ सेंट. कूपन आणि बक्षीस दोन्ही नीट जुळलं त्या आठवड्यात २९. कॉस्टकोचा स्वतःचा कर्कलंड, कूपन नाही, काही नाही: २३.

महिन्याला साधारण १८० डायपर लागतात. जमलं नाही त्या आठवड्यांत मी ४२ नेच घेत होते. ४२ आणि २३ चा फरक महिन्याला ३४ डॉलरचा.

कर्कलंडचा एक डबा आणून चार रात्री वापरून बघितला. गळती नाही, पुरळ नाही. बदललं.

शनिवार, १६ मार्च

व्हॉट्सॲपच्या एका गटात कूपनाचं चित्र आलं: डायपरवर दहा डॉलर, कुठेही चालेल, छापून घ्या, हव्या तितक्या प्रती काढा. खाली तीस आभार.

मी छापलं नाही. खऱ्या कूपनावर 'प्रत काढल्यास रद्द' असं लिहिलेलं असतं, 'एका खरेदीस एक' असतं, आणि कंपनी डायपरच्या एका पाकिटावर सहसा दोन-तीन डॉलर सोडते. व्हर्जिनियातल्या एका बाईला बनावट कूपनांसाठी २०२१ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. कंपन्यांचं आणि दुकानांचं नुकसान तीन कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. तीही गटांमधूनच विकत होती.

दुकान ते कूपन पुढे पाठवतं, तिकडे ते खोटं ठरतं आणि पैसे दुकानाला मिळत नाहीत. मग व्यवस्थापक वैतागून कागदी कूपनं घेणंच कमी करतो. मावशींच्या पुरवणीतलं खरं दोन डॉलरचं कूपन त्या दिवशी माझ्या हातात असतं. हे सगळं मी गटात लिहिलं, नरमाईने पण पूर्ण. दोघींनी चित्र काढून टाकलं. एकीने विचारलं, "मग खरं कसं ओळखायचं ते सांगाल का?" तिला फोन करून अर्धा तास समजावलं. ती वेळ वहीत धरली नाही.

रविवार, ३१ मार्च

पहिला रकाना १७१, दुसरा ९७. दुसरा आकडा घसरतो आहे आणि पहिलाही. थोरलीच्या लक्षात आधी आलं. ती म्हणाली, "आई, तू जितकं कमी 'वाचवतेस' तितके पैसे उरतात."

यांच्या नोकरीतल्या एफएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठीच्या, खात्यातून पॅड्स आणि तापसर्दीची औषधं घेता येतात, २०२० पासून त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. ते पैसे पगारातून कर कापण्याआधीच बाजूला पडलेले असतात, म्हणून कूपनाइतकाच फायदा न कापता मिळतो. मात्र कूपन वजा होऊन जेवढे दिले तेवढ्याचाच दावा करायचा. वहीत मी ते खर्चातच धरते.

शुक्रवार, ५ एप्रिल

सकाळी दहा वाजून तेवीस मिनिटांनी भूकंप. ४.८ चा, केंद्र आपल्याच राज्यात, इथून फार लांब नाही. मी तळघरात कपडे मशीनला लावत होते. आधी वाटलं मशीनच थरथरतंय. मग समोरच्या फळीवरच्या बाटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या, शाम्पूच्या दोन खाली आल्या, एकीचं झाकण फुटून निळा शाम्पू जमिनीवर पसरला. वरून आईंनी हाक मारली. धाकटा त्यांच्या मांडीवर होता, हसत होता.

सगळे ठीक. कुणाला काही नाही.

दुपारी ती फळी रिकामी करून पुसली, तेव्हा पहिल्यांदा सगळा साठा जमिनीवर एकत्र मांडलेला दिसला. टूथपेस्ट अकरा. शाम्पू आठ, फुटलेला धरून. डिओडरंट सहा, त्यातले दोन असे की घरात कुणी वापरत नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली, मुदत याच महिन्याची. व्हिटॅमिनची ती बाटली, सील न तोडलेली.

आई खुर्चीवर बसून मोजत होत्या, मी लिहीत होते. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळेला डबा रिकामा झाला की वाण्याकडे चिठ्ठी जायची. भरलेल्या डब्यावर कुणी आणत नव्हतं." मी लगेच हो म्हटलं नाही. स्वस्त आठवडा आला तेव्हा थोडं पुढचं घेऊन ठेवणं यातच तर या पद्धतीचा फायदा आहे, योजना सहा-आठ आठवड्यांनी फिरून येतात. पण अकरा टूथपेस्ट म्हणजे आम्हाला वर्षभर.

मर्यादा ठरवली: कुठल्याही वस्तूचा तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा नाही. टूथपेस्ट चार. शाम्पू तीन. डिटर्जंट तीन बाटल्या. कागद करून फळीवर लावला.

मंगळवार, ९ एप्रिल

गुढीपाडवा. गुढी उभारून, श्रीखंड करून, मग सहा टूथपेस्ट, चार शाम्पू आणि सहाही डिओडरंट पिशवीत घालून गावातल्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट सामान देणाऱ्या केंद्रात, देऊन आले. तिथल्या बाईंनी टूथपेस्ट बघून हातच जोडले. सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर साबण, टूथपेस्ट, डायपर, टॉयलेट पेपर यांतलं काहीच घेता येत नाही, फक्त खाण्याच्या वस्तू मिळतात. त्यामुळे पँट्रीत डबाबंद राजमा असतो आणि टूथपेस्ट नसते.

वहीत ठरवलं: कूपनामुळे डॉलरच्या आत पडणारी एखादी वस्तू महिन्याला एकदा पँट्रीसाठी घ्यायची. वेगळी ओळ, खर्चात धरून.

गुरुवार, १८ एप्रिल

आयबोटा आज शेअर बाजारात आली. पावतीचा फोटो काढला की काही सेंट परत देणारं ॲप. मी जानेवारीपासून वापरत होते. सव्वातीन महिन्यांत चौदा डॉलर जमले. पण प्रत्येक खरेदीनंतर पावती सपाट धरून फोटो, मग जुळणारी वस्तू शोधा, मग पडताळणी. आठवड्याची दहा मिनिटं यातच जात होती. शिवाय घरात कोणती औषधं येतात ते एका आणखी कंपनीला कळत राहतं, ते मला पटेना. ॲप काढून टाकलं.

मंगळवार, ३० एप्रिल

पहिला १५८, दुसरा ८४. १६० च्या आत पहिल्यांदा. आईंनी त्या आकड्याभोवती हळदीकुंकवाचं बोट लावलं.

रविवार, १२ मे

एका दुकानात काउंटरवरची आजी, सत्तरीच्या असतील, माझी कूपनं स्वतः सारखी करून घेतात. आज त्यांनी शिकवलं: आधी कार्ड, मग माल, मग कंपनीची कूपनं, सर्वांत शेवटी बक्षीस. मी उलट देत होते. बक्षीस आधी गेलं तर कधी कधी योजनेची ३० ची बेरीज खाली येते. मागे दोनदा योजना का लागली नाही, ते आज समजलं. माझ्यामागे रांग होती तरी त्यांनी हात थांबवून सांगितलं. गर्दी टाळायला पुढच्या वेळी सकाळी आठला जायचं.

सोमवार, २७ मे

मेमोरियल डे, सुट्टी. बक्षिसाची चिठ्ठी गाडीच्या काचेखाली राहिली आणि उन्हात तापून पूर्ण काळी पडली. या पावत्यांचा कागद उष्णतेनेच छापला जातो, त्यामुळे उष्णतेनेच मिटतो. अक्षर नाही, बारकोड नाही. सात डॉलर होते. ॲपमध्ये बघितलं तर तेच बक्षीस खात्यात दिसत होतं, फोनवरून वापरलं. आता मिळाल्या मिळाल्या बक्षीस ॲपमध्येच चढवते. कागद आईंच्या पिशवीत, आठवण म्हणून.

शुक्रवार, ३१ मे

पहिला १४९, दुसरा ९१.

शुक्रवार, २८ जून

आई काल रात्रीच्या विमानाने निघाल्या. बॅगेत टूथपेस्ट नको म्हणाल्या, नाशिकला मिळते. भावाच्या पानाची एक नक्कल मात्र मागून घेतली.

रविवार, ३० जून

जून: पहिला १६३, दुसरा ८८. आईंच्या तयारीची खरेदी धरून.

सहा महिन्यांचा पहिला रकाना: १,०९६. जुन्या सरासरीने १,४२८ झाले असते. फरक ३३२ डॉलर. दुसऱ्या रकान्याची बेरीज ६१४.

साठा मोजला. १ जानेवारीला घरात ३८ डॉलरचा माल होता, आज ५२ चा. म्हणजे आणखी चौदा डॉलर फळीवर आहेत.

आता ३३२ ची फोड, कारण थोरलीने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. डायपर बदलल्यामुळे साडेतीन महिन्यांत सुमारे १२०, त्यात कूपनाचा वाटा शून्य. औषधं दुकानाच्या ब्रँडची घेतल्याने अंदाजे ४०. उरलेले १७२ कूपनं आणि बक्षिसांचे, प्लसची फी धरून.

वेळ: आठवड्याला चाळीस मिनिटं, सव्वीस आठवडे, सतरा तासांच्या थोडं वर. तासाला दहा डॉलर. न्यू जर्सीत यंदा किमान वेतन तासाला १५.१३ आहे. त्या १७२ वर आयकर नाही आणि ती मिनिटं झोपलेल्या मुलाशेजारची आहेत, हे दोन्ही खरं. पण आकडा आकडाच आहे.

कोणती मिनिटं कामाला आली ते वहीत शोधलं. १७२ पैकी बहुतेक पैसे चारच वस्तूंवर सुटले आहेत: डिटर्जंट, टूथपेस्ट, शाम्पू, पॅड्स. बाकी सगळी शोधाशोध चिल्लरीसाठी होती.

जुलैपासून: वीस मिनिटं. याच चार वस्तू. टॉयलेट पेपर आणि डायपर कॉस्टको. औषधं दुकानाच्या ब्रँडची. प्लस चालू, वीस तारखेची घंटा चालू. पँट्रीची ओळ चालू. आम्हाला पुरवणी हवी असल्याचं मावशींना पुन्हा सांगून आले.

सीव्हीएसचे चार डॉलर शिल्लक, मुदत ६ जुलै. पॅड्सचं एकच पाकीट उरलं आहे. मंगळवारी सकाळी आठला.